पुऱ्या रामरामाची गाडी

आमच्या हेडमास्तरांच्या गाडीला वेग नव्हता असं मी म्हणणार नाही. वेग होता. तो डोळ्यांना दिसायला थोडा वेळ लागायचा, इतकंच. लांबून गाडी येताना दिसली की माणूस घरात जायचा, तांब्याभर पाणी प्यायचा, टोपी घालून पुन्हा बाहेर यायचा, आणि गाडी आपली जागेवरच. नीट निरखून पाहिलं तर कळायचं, मघाच्या बाभळीपासून ती पुढच्या बाभळीपर्यंत आली आहे.

सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, म्हणून मीही गुरुजीच म्हणते. गाडी म्हणजे पायडलवाली मोपेड. इंजिन शिवणयंत्राएवढं आणि आवाजही तसाच. दुरून ऐकणाऱ्याला वाटावं कुणी झंपर शिवतंय. गावातली कुत्री इतर गाड्यांच्या मागं धावायची. गुरुजींच्या गाडीच्या मागं कुत्रं धावलं की दोन उड्यांत ते गाडीच्या पुढं जायचं, मग ओशाळून थांबायचं. पुढं पुढं त्यांनी धावणं सोडलं आणि गाडीच्या कडेनं चालत येऊ लागली.

शाळा केजपासून आत सात-आठ किलोमीटरवर. गुरुजी केजला राहायचे आणि मीही. मी तेव्हा नवी नोकरी लागलेली, नवं लग्न झालेली, आणि डोक्यात नवा वारा शिरलेली मास्तरीण. माहेर परळीचं. थर्मल वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेली. कॉलनीत नळाला पाणी यायचं आणि रस्त्याला दिवे होते, एवढ्या भांडवलावर मी स्वतःला शहरातली समजायचे. वेणीत राख पडलेली असायची, पण मान अशी ताठ, की वाटावं बाई मुंबईहून उतरली.

एसटी तिच्या मर्जीनं यायची. जीपमध्ये बसायचं तर परक्याची कोंबडी मांडीवर घ्यावी लागायची. म्हणून गुरुजी म्हणाले, "बाई, आमच्या मागं बसत जा. येळ लागंल, पर आंग आखडायचं न्हाई."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला आपला सिद्धांत ऐकवला. ऐकवायला वेळ भरपूर होता.

"ह्ये बघा बाई. रस्त्यानं जाताना थांबलं, की च्या प्यावा लागतो. जोरात गेलं, की मानसाला राग येतो; 'लई मोठा झाला का बे,' म्हनतंय. तवा मधला येग धरायचा. रामराम पुरा झाला पायजे, पर समोरच्याला च्याचं आधण ठिवायला सवड मिळू नये."

ह्या मधल्या वेगासाठीच त्यांनी ती गाडी घेतली होती. मोठ्या गाड्या त्यांनी चालवून पाहिल्या होत्या. म्हणे, त्या मधल्या वेगाला आल्या की कण्हतात. ही कण्हत नव्हती. तिला दुसरा वेगच ठाऊक नव्हता.

आणि रामराम म्हणजे सगळ्यांना सारखा नव्हे. बौद्ध वस्तीच्या वळणावर "जय भीम", शिंपीचाचांच्या दुकानासमोर "सलाम", माळकऱ्याच्या शेताकडेनं "रामकृष्ण हरी", बाकी सगळीकडं "रामराम". गुरुजींची जीभ एकदाही चुकली नाही. गाडीला भोंगा नव्हता. भोंगा वाजवणं त्यांना असभ्य वाटायचं. "मानूस हाय की म्हैस, बघून आवाज द्यावा," म्हणायचे. म्हशीलाही द्यायचे.

आता गंमत बघा. रामराम घातला की समोरचा विचारणार, "कुनीकडं?" ते म्हणणार, "शाळंला!" रोज तोच रस्ता, तोच माणूस, तीच शाळा, पण प्रश्न चुकायचा नाही. मग, "म्हातारी कशी हाय?" "उठून बसतीया. तुमची म्हैस?" "व्याली की!" इथपर्यंत गाडी त्या माणसाच्या बरोबरीनं यायची. पण बोलणं तिथं संपत नसे आणि गुरुजींना तर पुढं बघायचं असायचं. तेव्हा ते मला सांगायचे, "बाई, शेपूट तुमचं."

शेपूट म्हणजे गाडी पुढं गेल्यावर मागून येणारे प्रश्न. त्यांची उत्तरं मागं बसलेल्यानं द्यायची. पुरुषांची शेपटं सोपी असायची, पावसापाण्याची. पण कापूस वेचणाऱ्या बायका! त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

"मास्तरीनबाई, पोरबाळ हाय का?"

"न्हाई अजून!"

"कावून गं?"

आता ह्या 'कावून'चं, म्हणजे 'का बरं'चं, उत्तर मोकळ्या रानात ओरडून काय देणार? आणि ते टाळावं म्हटलं तर गाडी काही केल्या पुढं सरकत नसे. ती बाई तशीच उभी, मी तशीच बसलेली, दोघी एकमेकींकडं बघतोय, आणि पुढं गुरुजी समाधानानं म्हणतायत, "द्या, द्या उत्तर. अजून ऐकू जातंय त्यांना."

वाटेत एक चढ होता. तिथं गुरुजी मला उतरवायचे आणि स्वतः पायडल मारायचे. मी कडक इस्त्रीची साडी सावरत चालायचे आणि गाडीच्या आधी वर पोचायचे. मग वर उभी राहून वाट बघायची. उसाच्या बैलगाड्या जवळून जायच्या आणि गाडीवान विचारायचे, "बाई, सोडू का शाळंला?" लाजेनं मी पदर तोंडावर घ्यायचे. आता वाटतं, बसायला हवं होतं. उसाचं कांडं तरी मिळालं असतं.

एकदा तालुक्याचे साहेब शाळेची अचानक तपासणी करायला निघाले. एसटी चुकली, म्हणून गुरुजींच्या मागं माझ्या जागी बसले; मी कोंबडी मांडीवर घेऊन जीपनं पुढं गेले. आता गुरुजींच्या गाडीवर बसून अचानक कसं पोचणार? पहिल्याच शेतात विचारणा झाली, "मागं कोन हाय गुरुजी?" "साहेब हायती! तपासनीला!" ही बातमी सायकलवाल्यानं पुढं नेली, शेळ्यावाल्या बाईनं त्याच्या पुढं नेली. आम्ही मुलांची नखं कापली, अंगण झाडून घेतलं, फळ्यावर सुविचार लिहिला, आणि तरी इतका वेळ उरला की मुलं कंटाळून पुन्हा मळली. साहेबांनी शेऱ्यात 'स्वच्छता उत्तम' लिहिलं. गाडीवरून उतरताना मात्र ते गुरुजींना म्हणाले, "अहो, रस्ताभर लोक माझ्या संडासाची चौकशी करत होते." त्यांचं पोट बिघडल्याचं गुरुजींनीच कुणाला तरी चालता चालता सांगितलं होतं. शेपूट साहेबांना द्यावं लागलं.

आज मी स्वतः बॅटरीवरची एक गाडी चालवते, तीही तशीच निवांत. नातू म्हणतो, "आजी, चालत गेलीस तर लवकर पोचशील." मी म्हणते, "लवकर पोचून करू काय? तिथं तुझा आजोबाच बसलाय." पण तेव्हा मी अशी नव्हते. तेव्हा मला वेगाची फार हौस.

तर आमच्या ह्यांनी, म्हणजे ह्याच आजोबांनी, परळीच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी मोठी फटफटी आणली. साडेतीनशेचं इंजिन. सुरू केली की केजच्या गल्लीत पत्र्यावरची वाळवणं थरथरायची. बँकेत खाली मान घालून बसणारा माझा नवरा तिच्यावर बसला की छाती पुढं काढून मिशीला पीळ द्यायचा. मिशी होती बारीक, पीळ बसायचा नाही, पण हात जायचा. आणि मी? काळा चष्मा लावून मागं अशी बसायचे, जणू हत्तीवरून साखर वाटायला निघालेय.

गुरुजींना मी ठणकावून सांगितलं, "उद्यापासून मला न्यायला येऊ नका. हे सोडणार आहेत."

गुरुजी म्हणाले, "बरं झालं. चढाला मलाबी सोपं जाईल. पर बाई, रामराम सांभाळा."

मी हसले. रामरामाला काय सांभाळायचं? ते काय दुधाचं भांडं आहे?

आता गावातल्या आबांची ओळख करून देते, कारण खरी गोष्ट त्यांच्या ओट्यासमोर घडली. आबा म्हणजे गावातले थोर शेतकरी. शाळेला दोनच खोल्या होत्या, म्हणून पहिलीच्या वर्गासाठी आबांनी आपल्या घराची पडवी दिली होती. पहिली माझ्याकडं, म्हणजे मी आबांच्या पडवीतली मास्तरीण. आबा नुकतेच अंबाजोगाईच्या दवाखान्यातून परतले होते. दुखणं मोठं झालं होतं. गावानं मनातल्या मनात त्यांना एकदा पोचवून आणलं होतं, आणि हे आबांना पुरतं ठाऊक होतं. ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड बारकाईनं बघत असायचे.

मोठ्या फटफटीवरून माझी पहिली स्वारी निघाली. त्या दिवशी मला ओढ्यापलीकडच्या गावात दिवसभराच्या बैठकीला जायचं होतं, म्हणून पडवीपाशी थांबायचं नव्हतं. आबांचा ओटा आला. मला वाटलं, एवढ्या थाटात चाललोय तर थोरामोठ्याला मान द्यावा. मी हात वर करून ओरडले, "रामराम, आबा!"

पण गाडी अशी सुसाट, की पहिला 'राम' ओट्यावर पडला आणि दुसरा थेट ओढ्यात.

आबांनी ऐकला एकच राम. आणि आपल्याकडं एकच राम म्हणजे काय, हे सांगायला नको. माणूस गेला की आपण म्हणतो, त्यानं राम म्हटला. आबांनी भाकरीचा घास खाली ठेवला आणि बायकोला म्हणाले, "ऐकलंस? मास्तरीनबाई माझा राम म्हनून गेली!"

शेजारच्यानं ते पुढच्या गल्लीत सांगितलं, "आबांचा राम म्हनला म्हनं बाईनं." पुढच्या गल्लीतून ते पारावर गेलं, "आबांनी राम म्हनला म्हनं." पारापाशी एक जीप उभी होती, बीडला निघालेली. दुपारपर्यंत बातमी लिंबागणेशला पोचली, आबांच्या बहिणीच्या घरी.

उन्हं कलायच्या आत पाहुण्यांनी भरलेली जीप गावात शिरली. बहिणीनं वेशीपासूनच गळा काढला, "माझ्या दादा रं! मला न भेटता कसा रं गेलास!" आबा ओट्यावर ठेचा-भाकरी खात होते. आवाज ऐकून त्यांनाही भरून आलं. त्यांनी उठून विचारलं, "अगं, कोन गेलं?"

बहीण म्हणाली, "तू!"

मागोमाग जीपमधून आबांचे जावईबापू उतरले. दवाखान्यात आबा एवढे दिवस होते, तर हे एकदाही फिरकले नव्हते. आज डोक्याला पांढरा रुमाल बांधून, भाड्यानं जीप करून आले होते. आबांनी त्या रुमालाकडं बराच वेळ पाहिलं. मग उठले, पडवीतली माझी खुर्ची बाहेर ठेवली, मुलांची बसकरं बाहेर ठेवली, दाराला कुलूप घातलं आणि चावी धोतराच्या कनवटीला खोचली.

"ज्या बाईनं जित्तेपनी माझा राम म्हनला, तिनं तिची शाळा उचलावी!"

झालं. पहिलीचा वर्ग मारुतीच्या पारावर आला. उघड्यावर शिकवायची अडचण नव्हती. माकडंसुद्धा अ आ ई शिकली असती. पण तपासणीवाले तेच साहेब आले आणि म्हणाले, "जागा दाखवा, नाहीतर ह्या महिनाअखेर पहिलीचा वर्ग पलीकडच्या गावाला जोडतो." पलीकडचं गाव ओढा ओलांडून. पारावरच्या बायका लगेच म्हणाल्या, "पोरं जातील. पोरींना तितकं लांब कोन धाडतंय? ऱ्हातील घरी, ल्हानग्यांना बघत्याल." माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरी होत्या. आणि वर्गच गेला की माझीही उचलबांगडी व्हायची, ती थेट आष्टीच्या पलीकडं. नवं लग्न, नवा नवरा, नवी फटफटी, सगळं केजला, आणि मी आष्टीला!

मी पेढे घेऊन आबांकडं निघाले. ह्यांनी प्रेमानं दारापर्यंत सोडलं, अर्थात फटफटीवरून. दारात गाडी बंद करताना तिनं असा एक बार काढला, की आबांच्या बैलानं दावं तोडलं. आबा बैलामागं, हे आबांमागं. पेढे शेळीनं खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मी रडत गुरुजींसमोर बसले. रडणं खरं होतं, पण काळा चष्मा मी काढला नव्हता. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी हिशेब केला.

"माफी मागू नका. माफी मागितली, की तुमी तसं म्हनला होता असा अर्थ होतो. तुमचा निस्ता अर्धा रामराम ऱ्हायलाय. तेवढा पोच करा. जाता जाता दिला, तर जाता जाताच पुरा करायचा. रस्त्यावरून. समद्यांच्या देखत."

"मग उद्या ह्यांच्या मागं बसून…"

"न्हाई. त्या गाडीवरून तो परत वढ्यात पडंल." त्यांनी आपल्या मोपेडची चावी माझ्यासमोर ठेवली. "ह्येच्यावरून जा. आन् सोता चालवा. दुसऱ्याच्या मागं बसून घातलेला मान अर्धाच पोचतो."

मी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. गुरुजींनी शाळेमागच्या मोकळ्या जागेत मला शिकवलं. शिकवणं असं: "ही मूठ पिळली की पुढं जाती."

"आणि थांबायचं?"

गुरुजी वाकून गाडी निरखू लागले. "बिरेक हाय की. कुठंतरी हाय. आपल्याला कवा लागला न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीवर, आणि गुरुजी सीटला हात लावून शेजारी पायी. दोघांचा वेग सारखाच. गावाला आधीच कळलं होतं. ते कसं, हे सांगायला नको. आबांच्या ओट्यासमोर दोन्ही बाजूंना माणसं. पारावर माझा पहिलीचा वर्ग पाटी-पेन्सिल घेऊन बसलेला. आबा ओट्यावर, तोंड फिरवून.

ओट्यासमोर आले आणि ठरल्याप्रमाणं उरलेला अर्धा पोच केला. "राम!"

आबा वळले. "ह्यो कोंचा? उरलेला, का नवा?"

"उरलेला!" गुरुजी म्हणाले.

"मला कसं कळावं? त्या दिशी येकला आला, आजबी येकलाच आला. ही बाई मला दोनदा मारतीय का काय?"

मला थांबून खुलासा करायचा होता, पण थांबणं मला शिकवलेलं नव्हतं. गाडी पुढं गेली, पाराला वळसा घालून परत आली. घाबरून मी पुरा घातला, "रामराम!"

आता पारावर पहिलीचा वर्ग उठून उभा राहिला होता आणि बोटांवर मोजत होता. मी हाच धडा घेत होते ना! "येक… दोन… तीन… चार!" त्यातलं एक कारटं म्हणालं, "त्या दिवशीचा वढ्यातला धरायचा का, बाई?" त्यावर मोठ्या माणसांत तंटा लागला. एक म्हणे धरा, दुसरा म्हणे तो वाहून गेला. न धरला तर चार, धरला तर पाच. "पाच म्हंजी परत येक उरला की बे!" कुणीतरी ओरडलं. मी आणखी एक वळसा घेऊन आले आणि म्हणाले "राम", म्हणजे सहा व्हावेत. पण ज्यांनी चार धरले होते त्यांचे पाच झाले. आबा कपाळाला हात लावून म्हणाले, "अरं, कुनीतरी तिला थांबवा, न्हाईतर ही मला सांजपर्यंत पोचवती!"

पुढच्या फेरीला मी राम मोजणं सोडून दिलं. गाडी ओट्यासमोर आली. मी नुसती आबांकडं बघत राहिले. आणि ती गाडी अशी, की बघत राहायला पुष्कळ वेळ मिळतो. चष्मा केव्हाच पडला होता. आबांना माझे डोळे दिसले असावेत. मला तर त्यांचे दिसले. दुखण्यानं खोल गेलेले, भ्यालेले. हा माणूस माझ्यावर रागावलेला नव्हताच. त्याला खरोखरच धसका बसला होता.

आबा काठी घेऊन उठले. दवाखान्यातून आल्यापासून ते ओट्याखाली उतरले नव्हते, ते कुलूप घातलं तो आणि बैलाचा दिवस सोडला तर. ते पायऱ्या उतरले आणि माझ्या गाडीच्या बरोबरीनं चालू लागले. दुखण्यातून उठलेल्या म्हाताऱ्यालाही गाठता येईल अशी दुसरी गाडी साऱ्या तालुक्यात नसेल.

"रामराम, मास्तरीनबाई," ते म्हणाले.

तेव्हा साऱ्या गावाच्या ध्यानात आलं, की इतका वेळ जो तो माझे राम मोजत होता, पण आबांनी आपला रामराम दिलाच नव्हता.

"रामराम, आबा," मी म्हणाले. दोन्ही राम त्यांच्या कानात पडले.

"कुनीकडं निघालात?"

"शाळंला."

"मग शाळा हिकडं हाय की."

त्यांनी कनवटीची चावी काढली. पुढं होऊन पडवीचं कुलूप उघडलं, दार सताड लोटलं आणि बाजूला उभे राहिले. पूर्वी तिथं गुरं बांधायचे, म्हणून त्या पडवीला उंबरा नव्हता. मी मूठ धरून होते. गाडी, मी आणि सीट धरलेले गुरुजी, तिघंही आत गेलो. समोरच्या भिंतीला चाक टेकलं तेव्हा कुठं थांबलो. मागून सगळी पहिली आरडाओरडा करत आत शिरली आणि गाडीभोवती रांगा धरून बसली.

गुरुजींनी उपरण्यानं घाम पुसला, धूर बाजूला सारला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बाई, उशीर झाला. हजेरी घ्या."

मी गाडीवर बसूनच हजेरी घेतली. उतरायचं कसं ते कुणी सांगितलं नव्हतं. एकेक पोरगी ताडकन उठायची आणि 'हजर' म्हणायची. शेवटचं नाव संपलं तेव्हा बाहेरून, ओट्यावरून, खणखणीत आवाज आला,

"मीबी हजर!"